भाऊजींची जी-सिक्स

एकनिष्ठ पुरुष म्हणून कुणाचा जाहीर सत्कार करायचा ठरलाच, तर अख्ख्या बडोद्यातून आमच्या भाऊजींचं नाव बिनविरोध निवडून येईल. गेली चाळीस वर्षं हा माणूस एकीच्याच मागे आहे. तिच्यापायी त्यांनी लग्न केलं नाही, दिवाळीचा फराळ कधी दिवाळीत खाल्ला नाही, आणि सख्ख्या भावाच्या लग्नात अक्षता पडायच्या आत मांडवातून स्कूटर काढली. तो भाऊ म्हणजे आमचे हे. अंतरपाटाच्या अलीकडे उभी राहून मी त्या स्कूटरची फटफट ऐकली आहे, त्यामुळे ही ऐकीव गोष्ट नाही. बरं, जिच्यासाठी एवढं केलं ती दिसायला तरी कशी असावी? तर ती दिसतच नाही. ती एक जनुक आहे, आणि राहते उंदरात. ग्लुकोज-सिक्स-फॉस्फेट डिहायड्रोजनेज असं तिचं भलंमोठं नाव. शास्त्रज्ञ मंडळी तिला जी-सिक्स-पीडी म्हणतात आणि आमचे भाऊजी लाडानं नुसतंच जी-सिक्स. जनुक तो की ते, यावर विद्वानांनी खुशाल भांडावं. भाऊजींच्या लेखी ती 'ती'च. "अहो, एक्स गुणसूत्रावर बसलीय ती. पुरुषाला मिळते ती फक्त आईकडून. बापाचा काडीचा संबंध नाही. तिला 'तो' म्हणायला माझी जीभ रेटत नाही," असं ते लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मला म्हणाले होते. माझ्या हातावरची मेंदी अजून ओली म्हणावी इतकी ताजी होती.

भाऊजी म्हणजे माझे थोरले दीर. मी साताऱ्याची. लग्न होऊन रावपुऱ्यातल्या या घरात आले तेव्हा घरात माझ्याखेरीज चार माणसं होती: सासूबाई, विद्यापीठात शिकवणारे भाऊजी, रिफायनरीत नोकरी करणारे आमचे हे आणि लग्नाच्या वयाची धाकटी नणंद. माझं नाव भाऊजींच्या काही केल्या लक्षात राहीना, म्हणून पहिल्या आठवड्यातच त्यांनी मला 'बेन' करून टाकलं. शेजारच्या सगळ्या गुजराती बायका त्यांच्या बेनच होत्या, त्यात आणखी एक. या बेनला त्यांनी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या किती शिकवलं असेल त्याला गणती नाही. मी कणीक मळत असायची आणि हे फळीवरचे डबे पुढे-मागे सरकवत सांगायचे, "हे बघा बेन, ही फळी म्हणजे ती जनुक. तेरा डबे कामाचे. मधे ही सगळी अडगळ. पेशी काय करते, सगळं एकदम उतरवून घेते, मग अडगळ कापून फेकते आणि तेरा तुकडे एकाला एक जोडते. तेव्हा कुठे निरोप पुरा होतो." सासूबाई भाजी निवडता निवडता म्हणायच्या, "म्हणजे तुझ्या मावशीचं बोलणं. तासभर ऐकायचं आणि तेरा शब्द घ्यायचे." भाऊजी टाळी वाजवून म्हणायचे, "बरोब्बर! आई, तू माझ्या वर्गात हवी होतीस."

त्यांच्या भाषेत जी-सिक्स 'घरकाम करणारी' होती. म्हणजे काही जनुकं फक्त डोळ्यात काम करतात, काही फक्त यकृतात, ही मात्र प्रत्येक पेशीत अष्टौप्रहर राबते. रक्तातल्या तांबड्या पेशींना तर तिच्यावाचून गंजच चढायचा. पण तिच्यातही एक मेख होती, आणि त्या मेखेवर भाऊजींची पीएच.डी. उभी होती. उंदरांना उपाशी ठेवलं की यकृतातली जी-सिक्स मंदावते आणि मग गोडधोड खायला घातलं की झपाट्यानं कामाला लागते. हे ऐकून सासूबाई म्हणाल्या, "मुक्या जिवांना उपाशी ठेवतोस? निदान एकादशीला तरी ठेव, त्यांच्या पदरात पुण्य पडेल." कुणी दुसरा असता तर त्यानं हसून सोडून दिलं असतं. भाऊजींनी पुढचं वर्षभर उंदरांना एकादशीलाच उपास घडवला आणि द्वादशीला पारणं. बाहेरगावच्या परीक्षकांनी विचारलं म्हणे, की तुमचे सगळे प्रयोग बरोबर पंधरा-पंधरा दिवसांनी कसे? भाऊजींनी गंभीरपणे उत्तर दिलं, "धार्मिक कारणास्तव." पदवी मिळाली हे त्या परीक्षकांचे उपकार.

रस्त्यातही या माणसाला सरळ जाता येत नसे. तीन रंगांची मांजर दिसली की स्कूटर थांबलीच. मागे मी दोन पिशव्या भाजी घेऊन बसलेली असले तरी थांबली. मग शेजारच्या पानवाल्याशी पैज: "भाई, ही मांजरी आहे, बोका नाही. न बघता सांगतो!" कारण काय, तर मादीच्या अंगात दोन एक्स, आणि प्रत्येक पेशी लहानपणीच त्यातला एक कायमचा झोपवून टाकते. कुठे आईकडचा झोपतो, कुठे बापाकडचा. मग एका ठिगळात काळा रंग, दुसऱ्यात तांबूस. "गोधडी आहे बेन, गोधडी! तुम्हीसुद्धा तशाच आहात, फक्त दिसत नाही," असं भर बाजारात मला म्हणाले. मी तीन दिवस बोलले नाही. पुढे एकदा ते पैज चक्क हरले. तो बोका निघाला. असा हजारांत एखादा असतो म्हणे, त्याच्याकडे चुकून एक एक्स जादा येतो. हरल्याचं दुःख राहिलं बाजूला, भाऊजींनी अर्धा किलो पेढे आणून सगळ्या गल्लीला वाटले. सासूबाईंना लोक येऊन विचारायला लागले, "बा, काय बातमी? भाऊंचं नक्की झालं का?"

आणि हे नक्की होण्याचं प्रकरण एकदा फारच रंगलं. फोन तेव्हा बाहेरच्या खोलीत होता आणि भाऊजी फोनवर असं बोलत की तारेची गरजच पडू नये. जी-सिक्स हे लाडाचं नाव तोवर प्रयोगशाळेतच चालायचं, घरात आम्ही ते ऐकलं नव्हतं. एका गुरुवारी ते कुणा विद्यार्थ्याला सांगत होते, "जी-सिक्स बिचारी दिवसभर राबते रे. हो, दोघी असल्या तरी एकीलाच चालू ठेवायचं. दुसरीला गप्प बसवायचं. कोणती ते नशिबावर!" दाराआड सासूबाई तांदूळ निवडत होत्या. ताट तसंच ठेवून त्या माझ्याकडे आल्या. चेहरा पांढराफटक. "ऐकलंस? एक नाही, दोघी आहेत." मी त्या घरात नवीन, आणि मला तर हुशारी दाखवायची हौस. मी म्हटलं, "आई, जी-सिक्स म्हणजे पत्ता असणार. ग्राउंड फ्लोअर, सहा नंबर." भाऊजी दर गुरुवारी अलकापुरीतल्या एका इमारतीत जात हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तिथे त्यांचे कागद टाइप करून देणारा एक जण बसे, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. झालं, आम्ही दोघी रिक्षा करून निघालो. सासूबाईंनी ठेवणीतली साडी नेसली होती आणि बरोबर, असू द्यावा म्हणून, कुंकवाचा करंडा घेतला होता. तळमजल्यावर सहा नंबरच्या दारावर पाटी होती दातांच्या डॉक्टरीणबाईंची. त्या स्वतःच बाहेर आल्या, "आवो ने बा, बेसो," म्हणाल्या. आता परत कसं फिरायचं? सासूबाई खुर्चीवर बसल्या, आ केला आणि बसल्या बसल्या एक हलणारी दाढ काढून घेतली. संध्याकाळी गालाला कापूस धरून त्यांनी भाऊजींना सांगितलं, "मुलगी चांगली आहे. हात हलका आहे. पण दुसरीचं काय ते मिटव." सगळा उलगडा व्हायला अर्धा तास लागला. भाऊजी हसून हसून जमिनीवर बसले, आणि मग डोळे पुसत म्हणाले, "आई, जनुक आहे गं ती. आईकडून येते." सासूबाईंनी विचारलं, "कुणाच्या आईकडून?" भाऊजींनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "उंदराच्या."

बाकी सगळं गमतीत घेता येई, पण एका बाबतीत भाऊजींचं मला खरंच कळत नसे. डांबराच्या गोळ्या. कपाटात, ट्रंकेत, बाथरूमच्या जाळीवर कुठेही पांढरी गोळी दिसली की त्यांचं पित्त खवळे. माझ्या रुखवताची पेटी त्यांनी माझ्यादेखत उपसली आणि गोळ्या वेचून गच्चीवरून लांब फेकल्या. त्या जागी कडुलिंबाचा पाला. कारण विचारलं तर एवढंच, "मला वास सहन होत नाही." सासूबाईंचा पाल्यावर विश्वास नव्हता. त्या गुपचूप नव्या गोळ्या आणून सगळ्यात खालच्या ट्रंकेत, स्वतःच्या मुलांच्या जुन्या दुपट्यांत ठेवायच्या. मला माहीत होतं. मी बोलले नाही. सासू-दिराच्या भांडणात नव्या सुनेनं कशाला पडायचं?

पुढे नणंदेचं लग्न झालं आणि पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली. दिवस अजून शिल्लक होते, म्हणून भाऊजी पंधरा दिवस कुठल्याशा परिषदेला दक्षिणेत गेले, आणि इकडे बाळ दोन आठवडे आधीच आलं. मुलगा. फोनवर बातमी कळल्यावर आनंदायचं सोडून त्यांनी तीन-तीनदा विचारलं, "पिवळा दिसतोय का? नीट बघा." आम्ही म्हटलं, नाही हो, चांगला गुलाबी आहे. तेव्हा खरंच होता. पाचव्या दिवशी बाळ घरी आलं आणि सासूबाईंनी मोठ्या मायेनं ट्रंकेतलं जुनं दुपटं आणि कुंची काढली. सगळी मुलं याच दुपट्यात वाढली, नातवालाही तेच हवं. उन्हात घालायचं राहिलं. बाराव्या दिवशी बारसं. घर पाहुण्यांनी भरलेलं, नणंदेच्या सासूबाई पाळण्याशी मानानं बसलेल्या, आम्ही पाळणा म्हणायला सुरुवात केलेली, आणि भाऊजी स्टेशनवरून बॅग घेऊन थेट आत आले. दोन पावलांवर थबकले. नाक वर केलं. दुसऱ्या क्षणी त्यांनी पाळण्यातून बाळ उचललं, कुंची ओढून काढली, दुपटं काढलं आणि दोन्ही खिडकीतून खाली रस्त्यावर भिरकावलं. बाळाच्या नाकावर अंगठा दाबून बघितला. अंगठा काढला तिथे हळदीसारखं पिवळं. आम्ही सगळ्या त्याला तेज समजत होतो!

"वेडा आहे का हा माणूस!" नणंदेच्या सासूबाई ओरडल्या. भाऊजी तोवर बाळासकट दाराबाहेर होते. नणंद आणि मी शालू-पैठणीतच त्यांच्यामागून जिना उतरलो. रिक्षावाल्यानं "शुं थयुं, काका?" म्हणून विचारलं, तर हे नुसतं "भगाव, भाई, भगाव" म्हणत होते, आणि उघड्या बाळाला स्वतःच्या सदऱ्यात धरून बसले होते. इस्पितळात डॉक्टर काही विचारायच्या आत त्यांनी सगळं भडाभडा सांगितलं: जी-सिक्स कमी असावी, डांबराच्या गोळ्यांची वाफ लागलीय, तांबड्या पेशी फुटतायत. तपासणीत तसंच निघालं. बाळाचं रक्त बदलावं लागलं. डॉक्टर म्हणाले, आणखी एक दिवस गेला असता तर मेंदूवर गेलं असतं.

तिसऱ्या दिवशी पोराच्या अंगावर रंग आला आणि आमच्या जिवात जीव. सासूबाई मात्र तीन दिवस इस्पितळाच्या बाकावर अन्नपाण्याशिवाय बसून होत्या. "माझ्या हातानं विष पांघरलं मी," एवढंच बोलत होत्या. भाऊजी त्यांच्यासमोर खाली, फरशीवरच बसले. म्हणाले, "आई, नुसत्या गोळ्यांनी दुसऱ्या मुलाला काही झालं नसतं. याच्यात ती जनुक जरा दुबळी आहे." "मग ती कुठून आली?" जो माणूस या प्रश्नावर तीन तास बोलला असता, तो फरशीवर बोटानं रेघा ओढायला लागला. मग मान खाली घालून म्हणाला, "कधी कधी नव्यानंच होतं. कुणाकडून येत नाही." सासूबाई म्हणाल्या, "माझ्याशी खोटं बोलू नकोस. आईकडून येते म्हणून तूच शिकवलंस मला."

मग सगळं बाहेर आलं. विशीत असताना कॉलेजच्या सहलीला गेले होते, तिथे ताप आला, हिवतापाच्या गोळ्या दिल्या आणि लघवी कोऱ्या चहासारखी काळी झाली. परक्या गावच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, तुमच्यात हे आहे, आईकडून आलेलं. घरी मात्र यांनी 'कावीळ झाली होती' एवढंच सांगितलं. परत येऊन विषय बदलून घेतला आणि आयुष्यभर उंदरांच्या आडून स्वतःचंच दुखणं शोधत बसले. "तुला वाटलं असतं, आपण पोराला आजार दिला. म्हणून नाही बोललो. पण धाकटीला तरी सांगायला हवं होतं. बाळ यायच्या आधी डॉक्टरांना सांगायला हवं होतं. तुला कळू नये म्हणून मी गप्प राहिलो आणि हे पोर मरत होतं, आई." आणि एवढा मोठा माणूस आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडला. मला दुसरीकडे बघवेना आणि तिकडेही बघवेना.

सासूबाईंनी त्यांचे केस सारखे केले. "आणि म्हणून लग्न नाही केलंस?" भाऊजी नाक ओढत म्हणाले, "नाही गं. मला कुणी पसंतच केलं नाही म्हणून." त्या रडता रडता हसल्या. मग म्हणाल्या, "आईनं दिलेलं लपवतात होय रे? वीस वर्षं एकट्यानंच घेऊन बसलास. मी निम्मं घेतलं असतं." तेवढ्यात नणंदेच्या सासूबाई आल्या. त्यांच्या कानावर गेलंच होतं. "म्हणजे माहेरचं दुखणं म्हणायचं," असं त्या म्हणाल्या मात्र, आमच्या सासूबाई तीन दिवसांत पहिल्यांदा ताठ उभ्या राहिल्या. "हो, माझ्याकडचंच आहे. त्याचा रंग माझ्याकडचा, नाक माझ्याकडचं, जिवणीही माझ्याकडची. घ्यायचा तर सगळा घ्या, नाहीतर इथे ठेवा, मी वाढवते." त्यांनी सगळा घेतला. तो आता इंजिनीअरिंगला आहे, दाढी राखतो आणि मामाच्या स्कूटरची चेष्टा करतो. तब्येत ठणठणीत. चार औषधं आणि त्या गोळ्या टाळल्या की झालं.

सासूबाईंना जाऊन सहा वर्षं झाली. भाऊजी निवृत्त झाले तरी रोज प्रयोगशाळेत डोकावून येतात. पूर्वीइतकं बोलत नाहीत. मी कणीक मळत असले की कधीतरी दारात उभे राहतात, फळीकडे बघतात आणि "चालू द्या, बेन" म्हणून परत फिरतात. मला त्यांचं ते बोलणं किती हवंसं वाटतं हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

गेल्या महिन्यात त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. दाखल करायला मी बरोबर गेले होते. काउंटरवर फॉर्म दिला, त्यात कुठली औषधं चालत नाहीत ते त्यांनी लिहिलं, विकाराचं नाव लिहिलं. खाली एक ओळ होती, कुटुंबात हा विकार आणखी कुणाला असल्यास. लोक तिथे नुसतं 'आई' लिहून मोकळे होतात. भाऊजींनी चष्मा पुसला आणि शाळेतल्या पोरासारखं एकेक अक्षर जपून काढलं: वेणू केशव सबनीस, पादरा. मी विचारलं, "या कोण?" इतकी वर्षं रेशनकार्डापासून देवळातल्या वर्गणीच्या यादीपर्यंत मी सासूबाईंचं नाव सुमती असंच वाचत आले होते. "आईच," ते म्हणाले. "लग्नाआधीची. तिच्याजवळ ते तेव्हापासूनच होतं ना."

काउंटरवरच्या मुलीनं फॉर्म आपल्याकडे फिरवला, घाईघाईत वाचला आणि आमच्या मागे आणखी कुणी आलंय का बघत विचारलं, "वेणूबेन साथे आव्यां छे?"

"हा, बेन," भाऊजी म्हणाले, "साथे ज छे."